गाडा कोणाच्या हुकुमाने चालतो?

परवा चाकणच्या बाजूचा एक कारखाना पाहण्याचा आम्हांस योग आला. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात मालाच्या पेट्या नेणारे विनाचालक गाडे तेथे नव्याने आणले आहेत. जमिनीलगत सरपटणारा तो चौकोनी गाडा, त्याच्या पाठीवर लोखंडी सुट्या भागांची पेटी, आणि कोणी आडवे आले की आपण होऊन थांबण्याचा त्याचा शिष्टाचार, हे पाहून कौतुक वाटले, हे आम्ही नाकारीत नाही. कारखाना दाखविणारे अधिकारी हसून म्हणाले, "हा चहा मागत नाही, रजा मागत नाही, आणि पाठ दुखते म्हणून कुरकुरतही नाही." सोबतच्या मंडळींस हे वाक्य फार आवडले. आम्हांस मात्र ते तेव्हापासून खुपते आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा, नाहीतर आम्हांस यंत्रद्वेष्ट्यांच्या पंक्तीस बसविण्यात येईल. माणसाच्या पाठीवरचे ओझे यंत्राने उचलावे, याविषयी आमचे दुमत नाही. हमालीत ज्यांस काव्य दिसते त्यांनी एकवार धान्याचे पोते मानेवर घेऊन जिना चढून पाहावा. इजा होण्याइतके जड ओझे कोणाकडूनही उचलवून घेऊ नये, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमाने बजावले होते. तरीही माथ्यावर ओझी वाहणाऱ्यांस मजुरीची व भविष्यनिर्वाह निधीची हमी मिळण्यास महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला, आणि तोही अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी जन्म वेचला तेव्हा. तेव्हा 'हमालांच्या पोटावर पाय येतो, सबब गाडे नकोत' असे म्हणणाऱ्यांशी आमचे जुळत नाही. पोटाची सोय लावून दिलीच पाहिजे. पण तिच्यासाठी पाठ मोडून घेण्याची अट कशाला?

परंतु कारखानदार गाडा आणतो तो मजुराची पाठ वाचावी म्हणून, हे प्रतिपादन आम्हांस मुळीच मान्य नाही. १९१३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील हायलंड पार्क येथे हेन्री फोर्डच्या कारखान्यात मोटारीचा सांगाडा दोरीने ओढीत कामगारांपुढून नेण्याचा प्रयोग झाला. शिकागोच्या कसाईखान्यांत टांगलेले जनावर कामगारांपुढून सरकत जाते, त्यावरून ही कल्पना सुचली, असे फोर्डने स्वतःच लिहून ठेवले आहे. माणसाने कामाकडे जाऊ नये, कामाने माणसाकडे यावे, हे त्याचे सूत्र. ऐकावयास किती गोड! एका सांगाड्याच्या जुळणीस पूर्वी सुमारे साडेबारा तासांचे श्रम लागत. १९१४ साली साखळीवर ९३ मिनिटांचे पुरू लागले. चालणे वाचले, वाकणे वाचले, हे खरेच. पण १९१३ या एका वर्षात त्या कारखान्यातून माणसे अशी गळत होती, की शंभर जागा भरलेल्या ठेवण्यास सुमारे ३७० माणसे नेमावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर झाली, तिचे गुणगान आपल्याकडेही पुष्कळ होते. त्या औदार्यामागे ही गळती होती, एवढे मात्र सांगावयाचे राहते. पुढे २०१२ साली अमेझॉनने ७७ कोटी ५० लाख डॉलर देऊन किव्हा सिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या गोदामांत कपाटेच माणसाकडे चालत येऊ लागली. सूत्र तेच.

हा यंत्राचा स्वभावच होय, असे कोणी म्हणेल. तसे असते तर आम्ही लेखणी उचललीच नसती. स्वीडनमध्ये काल्मार येथे व्होल्वो कंपनीने १९७४ साली जो कारखाना काढला, त्यात साखळी नव्हती. प्रत्येक मोटार बॅटरीवर चालणाऱ्या स्वतंत्र गाड्यावर बसविलेली असे, व तो गाडा जमिनीत आखलेल्या मार्गाने आपणच जाई. पंधरा-वीस जणांची एकेक तुकडी मोटारीचा एखादा पूर्ण भाग आपल्या अंगावर घेई. दोन तुकड्यांमध्ये गाडे उभे राहण्यास जागा राखलेली असल्यामुळे एकीने घटकाभर विसावा घेतला तरी दुसरीचे काम अडत नसे. मोटारीच्या तळाशी काम करणाऱ्यास हात वर करून तिष्ठावे लागू नये म्हणून गाड्यावर मोटार कुशीवर वळविण्याची सोयही होती. तो स्वर्ग होता असे नव्हे. गाड्यांवर मध्यवर्ती संगणकाची नजर होतीच. हा कारखाना १९९४ मध्ये बंद पडला, याचा दाखला आमचे विरोधक मोठ्या समाधानाने देतात. मोटारींची मागणी घटलेली, आणि हा कारखाना केवळ जुळणीचा. पत्रा घडविण्याची वा रंगाची खाती त्यात नव्हती. असा कारखाना मिटविणे कंपनीस सोपे जाते. वीस वर्षे जे चालले ते अशक्य होते, असे म्हणणे हा कोठला न्याय?

चाकणच्या त्या कारखान्यात, गाडा ज्याच्यापुढे पेटी ठेवी तो तरुण जागचा हलत नव्हता. आमच्या देखत पहिली पेटी रिकामी होण्याआधीच दुसरी येऊन उभी राहिली. पूर्वी पेटी स्वतः आणावी लागे. तेव्हा जाता-येता कंबर सरळ होई, कोणाशी दोन शब्द बोलणे होई, असे तो म्हणाला. शेजारच्या खांबावर तांबडे बटण होते. "हे तुम्हांला दाबता येते ना?" असे आम्ही विचारले. "येते की साहेब," तो म्हणाला, "पण दाबलं की गाडा का थांबवला ते लिहून द्यावं लागतं." पेटी वेळेआधी का आली, हे मात्र कोणासही लिहून द्यावे लागत नाही!

आमचे मागणे एवढेच आहे, की मजुरीचा दर जसा करारात लिहिला जातो तसा गाड्याच्या फेऱ्यांचा दरही कामगारांच्या संमतीने लिहिला जावा. आणि ज्याच्यापुढे पेटी येऊन पडते त्यास दिवसातून काही वेळा तरी ते तांबडे बटण कारण न देता दाबण्याचा अधिकार असावा. याने उत्पादन घटेल, असे अधिकारी महाशय म्हणतील. मग किती पेट्यांनी घटेल, तेही त्यांनी लिहून द्यावे.