ब्रेकला हात लावू नये म्हणे!

गेल्या शनिवारी लातूरला घरासमोर गाडीचं पुढचं डावं चाक काढून बसलो होतो. गल्लीतला येणारा-जाणारा थांबून बघत होता. शेवटी शेजारच्या काकांना राहवलं नाही. "इंजिनेर झालास अन् हे काय करायलास? दुसरं काही बी खोल, पण ब्रेकला हात लावू नको बाबा."

काकांचं मी मनावर घेत नाही. पण सोमवारी पुण्यात ऑफिसच्या कॅंटीनमध्ये हेच वाक्य चकचकीत इंग्रजीत ऐकलं आणि डोकं सणकलं. ब्रेक म्हणजे जिवाचा प्रश्न, ते तज्ज्ञांचंच काम म्हणे. अहो, जिवाचा प्रश्न आहे म्हणूनच तर चाक काढलं!

झालं असं. बाबा नांदेडहून परत येत होते. दिवेलागणीची वेळ, लोहा सोडल्यावर पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही. बाबांनी ब्रेक दाबला तर गाडी सरळ थांबायच्या ऐवजी उजवीकडे ओढली गेली. समोरून ट्रक येत नव्हता, एवढंच नशीब. आणि तीनच महिन्यांपूर्वी तज्ज्ञांनी पॅड बदलले होते. बिलावर 'ब्रेक सर्व्हिस' अशी वेगळी ओळसुद्धा आहे, वेगळ्या पैशांसकट.

चाक काढल्यावर दिसलं ते असं: आतला पॅड झिजून पत्र्याला टेकायला आलेला, बाहेरचा जवळपास नवा. आपल्या छोट्या गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना कोरड्या पडून गंजल्या की सरकणं बंद. मग आतला पॅड एकटाच घासत बसतो, त्या चाकाला ब्रेक कमी लागतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. आमची खालची पिन ठोकून काढावी लागली. तिची रबरी टोपी फाटलेली, आत सगळ्या मराठवाड्याची धूळ. पॅड बदलून पिना न बघणं म्हणजे लॉग न वाचता सर्व्हर रीस्टार्ट करणं. असा माणूस आपल्या टीममध्ये असता तर आपण त्याला काय म्हटलं असतं, ते इथे लिहीत नाही.

आणि काम तरी केवढं? सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली स्टँड लावा (विटा नकोत, फुटतात). कॅलिपर काढला की बांधकामाच्या तारेने वर बांधा, होजवर लोंबकळत सोडू नका. पिना घासून स्वच्छ करा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगतं. पिस्टन मागे दाबताना वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल चढतं, ते सांडलं तर गाडीचा रंग खातं. पॅडची भुकटी तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्यानेच आवळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही, आणि समोर गेट असतं.

सगळं घरीच करा असं मी म्हणत नाही. पिस्टनपाशी ऑइल पाझरत असेल, होजला चिरा असतील, मागे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर गुमान मेकॅनिककडे जा. पण बघून जा. "पॅड टाका" म्हणू नका, "पिना दाखवा" म्हणा.

वॉरंटीची भीती घालतात ती वेगळीच. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता, तो याच दुखण्यावर. सुटे भाग खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असं त्या आदेशात आहे. दंडावर पुढे अपिलं झाली, ती झाली. पण आपण पाच-पाच पानी बग रिपोर्ट लिहिणारी माणसं, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर गेलो की एकदम गरीब गाय का होतो, हे मला अजून कळलेलं नाही. "वेळ कुठे आहे?" हे तर सांगूच नका. मला पहिल्यांदा दोन्ही चाकांना मिळून चार तास लागले, त्यातला एक हरवलेली क्लिप शोधण्यात गेला.

रविवारी नांदेडपर्यंत जाऊन आलो. गाडी सरळ थांबते. काका संध्याकाळी आले, दोन्ही चाकं वाकून बघितली आणि हळूच म्हणाले, "आमच्या गाडीचं बी जरा बघतोस का?" बघू की. पण पाना त्यांनी धरायचा, मी नुसता बाजूला बसणार.