बस कोणत्या देशाची, हा प्रश्नच चुकीचा

परदेशातून आणलेली बस रस्त्यात बंद पडली की निदान ठरलेलं असतं. चिनी असेल तर माल हलका, युरोपची असेल तर आपल्या रस्त्यांना मानवली नाही. आणि दोन्हींवर उपाय एकच, आयात बंद करा. हे निदान वरवरचं आहे. त्याचा सगळ्यात मोठा फायदा होतो तो खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्यांना. दोष गाडीच्या मायदेशावर ढकलला की सहीबद्दल कोणी विचारत नाही.

इंडोनेशियातल्या जकार्ताचं प्रकरण बघा. त्या शहरात 2004 पासून बससाठी राखीव मार्गिका आहेत. 2013 मध्ये शहराच्या परिवहन विभागाने चीनमधून शेकडो बस मागवल्या. गाड्या आल्या वर्ष सरता सरता, आणि 2014च्या फेब्रुवारीत उघड झालं की कोऱ्या करकरीत गाड्यांचे सुटे भाग गंजलेले आहेत. समुद्रप्रवासात खारी हवा लागली, असा खुलासा झाला. तो खरा मानला तरी गाडी ताब्यात घेताना गंज कोणालाच कसा दिसला नाही? विभागप्रमुखाचं पद गेलं, मग अटक झाली. 2015 मध्ये खालच्या न्यायालयाने दिलेली 5 वर्षांची शिक्षा पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 13 वर्षांवर नेली. दरम्यान चिनी जोडबस भर रस्त्यात पेटल्याही.

इथवर वाचून 'म्हणजे चिनीच ना!' म्हणणाऱ्यांनी पुढची गोष्टही लक्षात घ्यावी. 2022 मध्ये त्याच जकार्तात 30 इलेक्ट्रिक बस धावू लागल्या. त्याही चिनी, बीवायडीच्या. बदलला होता तो व्यवहार. या बस शहराने विकत घेतल्या नाहीत. त्या चालवणाऱ्या कंपनीला शहर धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे देतं. गाडी आगारात उभी राहिली की कमाई बुडते ती कंपनीची. अशा व्यवहारात गंजका भाग निमूटपणे उतरवून घेणं कोणाला परवडेल?

आता ढाक्याकडे या, कारण युरोपच्या गाड्यांवर भाबडा विश्वास असलेल्यांसाठी उत्तर तिथे आहे. बांगलादेशच्या सरकारी परिवहन महामंडळाने 2002च्या सुमारास स्वीडनच्या मदतीने 50 व्होल्वो डबलडेकर आणल्या. गाड्यांच्या दर्जाबद्दल तक्रार नव्हती. पण दशक उलटायच्या आत त्यांतल्या बहुतेक आगारात धूळ खात पडल्या. सुटे भाग महाग, ते परदेशातून मागवायचे, आणि त्यासाठी हातात पैसा नाही. एका गाडीचा भाग काढून दुसरीला बसवायचा, मग दुसरीही बंद पडते, ही रीत सरकारी वर्कशॉप जवळून पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असेल. खरेदीच्या दिवशी फक्त गाडीची किंमत मोजली. ती पुढची दहा-पंधरा वर्षं चालवायला काय लागेल, याची तजवीज केलीच नाही.

मुंबईकरांना बेस्टच्या जांभळ्या किंग लाँग एसी बस आठवत असतील. वारंवार बंद पडणाऱ्या आणि इंधन पिणाऱ्या या बससकट बेस्टने एप्रिल 2017 मध्ये सगळी वातानुकूलित सेवाच गुंडाळली. चिनी गाड्यांनी बेस्टला बुडवलं, असं तेव्हा सर्रास म्हटलं गेलं. गाड्या वाईट होत्या, हे मला मान्य आहे. पण त्यांचं तिकीट साध्या बसच्या कितीतरी पट होतं, म्हणून त्या रिकाम्या धावत होत्या, हे का विसरायचं? जुलै 2019 मध्ये एसी बसचं किमान भाडं 6 रुपयांवर आलं आणि त्याच मुंबईत एसी बससाठी रांगा लागल्या.

मग स्वदेशी घ्या, असं म्हणणाऱ्यांचं काय? फेब्रुवारी 2023 मध्ये, लागोपाठ आगी लागल्यानंतर, बेस्टने भाडेतत्त्वावरच्या, म्हणजे किलोमीटरप्रमाणेच पैसे द्यायच्या, 400 सीएनजी बस रस्त्यावरून काढून घेतल्या. त्या भारतीय बनावटीच्या होत्या. जकार्ताच्या उदाहरणाने हुरळून 'किलोमीटरचा करार केला की झालं' म्हणणाऱ्यांनाही हीच घटना अडवते. गाडी कंत्राटदाराची असली तरी आत बसलेला प्रवासी आपला असतो. त्यामुळे ती तपासणारा माणूसही आपलाच, पगारी आणि जबाबदार असायला हवा.

राहिला 'नियमच तसा आहे, सर्वात कमी दराची निविदा घ्यावीच लागते' हा बचाव. तो मला सगळ्यात जास्त खटकतो. सर्वात कमी दर कशाचा, हे निविदेचा मसुदा लिहिणारं कार्यालयच ठरवतं. नुसत्या गाडीचा दर मागवला तर हलकी गाडी जिंकणारच. दहा वर्षांचं इंधन, सुटे भाग आणि देखभाल धरून दर मागवला, तर तोच सर्वात कमी दराचा नियम चांगली गाडी निवडून देईल. नियम आड येत नाही. आड येतो तो मसुदा लिहितानाचा आळस, आणि कधी कधी त्याहून वाईट काही.

माझं म्हणणं एवढंच आहे: गाडी कुठलीही घ्या, पण शेकड्याने मागवण्याआधी नमुन्याची एक गाडी आपल्या मार्गावर, आपल्या पावसाळ्यात, पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून चालवून बघा. तिच्याखाली आगारातला अनुभवी मेकॅनिक जाऊ द्या आणि त्याचा शेरा लेखी घ्या. सुट्या भागांचा साठा याच देशात ठेवण्याची अट करारात घाला आणि तो साठा दिसल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. कंत्राटदाराचे किलोमीटरचे पैसेही वेळेवर द्या. महिनोन्महिने बिलं थकली की तो पहिली काटछाट देखभालीतच करतो, आणि तिथे दोष आपल्या तिजोरीचा असतो.

ही चर्चा आत्ताच व्हायला हवी. 2023 मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत देशभरासाठी 10,000 इलेक्ट्रिक बस आहेत. या बस देशात जोडल्या जातात, पण भारतीय ई-बसच्या बॅटरीतले सेल अजून मुख्यतः बाहेरूनच येतात. म्हणजे देशी की परदेशी हा वाद गाडीच्या पोटातच निरर्थक ठरतो. तुमच्या शहरात नव्या बसचं उद्घाटन होईल तेव्हा फीत कोण कापतं ते बघू नका. ती गाडी तपासून ताब्यात घेतल्याचा अहवाल माहिती अधिकारात मागा, आणि त्याखाली कोणाची सही आहे ते वाचा.