‘नंतर’चं बटण महागात पडतं

१२ मे २०१७ पासून काही दिवसांतच ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभरातल्या दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या. सोडवायच्या तर ३०० डॉलरची खंडणी, तीही बिटकॉइनमध्ये. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. संताप याचा येतो की, ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं.

घरोघरी आजही अपडेटची सूचना आली की ‘नंतर’वर क्लिक होतं. विंडोज १०ला नियमित अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबलं, तरी त्यावर बँकेचे व्यवहार बिनधास्त चालू असतात. हे थांबायला हवं.

अपडेटसोबतच फोटो, कागदपत्रांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि लगेच ती काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर व्हायरस तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतो.