खेळ माणसे जोडतो? अर्धसत्याचा इतिहास

१/
अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्याच्या जुन्या शहरात मे २०२३ मध्ये जे घडले, ते आपण पाहिले. दंगल शमली की एक सूचना हमखास येते : दोन्हीकडच्या पोरांचा एक फुटबॉलचा सामना भरवा, खेळ माणसे जोडतो. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका नाही. पण हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही, आणि ते का उतरत नाही हे सांगण्यासाठी हा थ्रेड.

२/
माझे म्हणणे आधीच मांडतो. खेळ जोडतही नाही आणि तोडतही नाही. जोडते किंवा तोडते ती संघाची रचना. संघ कोणत्या ओळखीवर उभा आहे, त्याचे दार कोणाला उघडे आहे आणि मैदान कोणाच्या ताब्यात आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे न देता भरवलेला ‘सद्भावना सामना’ फाळणीचीच तालीम ठरू शकतो.

३/
पुरावा दूरचा नाही, मुंबईचा आहे. १८९२ पासून तेथे युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. १९०७ मध्ये हिंदू संघ आला, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि स्पर्धा ‘चौरंगी’ झाली. १९३७ मध्ये ख्रिस्ती व इतरांचा ‘शेष’ संघ मिळून ती ‘पंचरंगी’ झाली. भारतातील ही सर्वांत लोकप्रिय क्रिकेट स्पर्धा होती आणि तिचा पाया निव्वळ धर्म हा होता.

४/
‘निदान धर्माच्या आत तरी एकी झाली असेल’ असे कोणी म्हणेल. तीही झाली नाही. पळवणकर बाळू हा त्या काळचा अव्वल गोलंदाज. पण तो चर्मकार समाजातला, म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच दिले गेले नाही. त्याचा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला तो १९२३ मध्ये, आणि तोही बऱ्याच वादानंतर. धर्माच्या नावाने बांधलेल्या घरात जातीचे दार वेगळे होतेच.

५/
दारांचा हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. १९२७ मध्ये याच अमरावतीत अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रहाची हाक दिली गेली. डॉ. आंबेडकर त्यासाठी अमरावतीला आले होते. ‘आत कोण येऊ शकतो’ हाच सार्वजनिक जीवनाचा मूळ प्रश्न आहे, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. आपण तो मैदानाच्या बाबतीत विचारायचे विसरलो.

६/
आता १९३६ हे साल पाहा. जुलैमध्ये मँचेस्टरच्या कसोटीत विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी भारतासाठी २०३ धावांची सलामी दिली. पण मुंबईच्या चौरंगीत हेच दोघे परस्परांचे प्रतिस्पर्धी : एक हिंदू संघाचा, दुसरा मुस्लिम संघाचा. माणसे तीच, बॅट तीच. बदलली ती फक्त संघाची व्याख्या.

७/
त्याच वर्षी बर्लिनला ध्यानचंदच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले. त्या संघात हिंदू, मुसलमान आणि अँग्लो-इंडियन खेळाडू होते. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या वऱ्हाडातल्या या संस्थेने जगासमोर जी परंपरा मांडली, तिचे शब्द तरी तपासा : तालीम, कुस्ती, पहिलवान, वस्ताद, लेझीम. हे सारे फारसी-अरबीतून आलेले. आखाडा कोणा एकाच धर्माची मिरास आहे असे सांगणाऱ्याला आखाड्याची भाषाच खोटे पाडते.

८/
पंचरंगीचा न्याय अखेर आपल्याच विदर्भात झाला. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ सल्ल्यासाठी वर्ध्याला गांधीजींकडे आले. गांधीजींच्या म्हणण्याचा आशय असा : महाविद्यालये किंवा संस्था एकमेकांशी खेळल्या तर ते समजू शकते, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, हे समजत नाही. मुद्दा नेमका आहे. आक्षेप स्पर्धेला नव्हता, संघाच्या एककाला होता.

९/
समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवादही मांडला पाहिजे. ‘ते सामने खेळीमेळीने होत, १९४४ चा अंतिम सामना मुस्लिम संघाने हिंदूंविरुद्ध एका गड्याने जिंकला, तेव्हा काही मुंबई पेटली नाही.’ खरे आहे. शिवाय १९४३ च्या अंतिम सामन्यात ‘शेष’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारेंच्या होत्या. एवढे उत्तम क्रिकेट या स्पर्धेने दिले.

१०/
पण खेळीमेळी हा खेळाडूंचा गुण होता, रचनेचा नव्हे. रचना प्रेक्षकाला वर्षानुवर्षे एकच गोष्ट शिकवत होती : ‘आपला’ म्हणजे स्वधर्मीय. १९४४ च्या विजयाचा शिल्पकार के. सी. इब्राहिम १९४८ मध्ये भारताकडून कसोटी खेळला. म्हणजे पंचरंगी संपल्याने ना क्रिकेट बुडाले, ना इब्राहिमचे गुण वाया गेले. मग धर्माची ती पाटी हवी कोणाला होती?

११/
पर्यायही त्याच काळात उभा होता. १९३४ पासूनची रणजी स्पर्धा प्रदेशावर आधारलेली होती, आणि तिच्यात ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हा आपला संघ पहिल्याच हंगामापासून होता. १९४५-४६ मध्ये शेवटची पंचरंगी झाली. त्याच हंगामात रणजी करंडक होळकर संघाने जिंकला. नागपूरचे सी. के. नायडू त्याचे कर्णधार होते आणि मुश्ताक अली त्याच संघाकडून खेळत. पंचरंगीने ज्यांना समोरासमोर उभे केले, त्यांना होळकरांच्या टोपीने एका रांगेत आणले.

१२/
मात्र मिश्र संघ काढला की काम संपले, असेही नाही. बोस्नियातील मोस्तार शहराचा ‘वेलेझ’ हा फुटबॉल क्लब १९२२ चा. नाव जवळच्या डोंगराचे, खेळाडू आणि चाहते सर्व समाजांचे. त्याने १९८१ आणि १९८६ मध्ये युगोस्लाव्ह चषक जिंकला. १९९२ नंतरच्या युद्धात शहर दुभंगले, आणि वेलेझचे जुने मैदान पश्चिमेकडच्या, क्रोएट समाजाच्या ‘झ्रिन्स्की’ क्लबकडे गेले. वेलेझला शहराबाहेर व्रापचिची येथे जावे लागले. एकत्र संघ होता, दारही खुले होते. पण मैदान गेले आणि क्लबची ओळखही एका समाजापुरती आक्रसत गेली.

१३/
आता अकोल्याकडे आणि अमरावतीकडे या. मोर्णेच्या एका काठाला जुने शहर, दुसऱ्या काठाला नवे. अमरावतीत परकोटाच्या आतली आणि बाहेरची वस्ती. आपल्या वस्त्या बऱ्याच अंशी धर्माने आणि जातीने विभागल्या आहेत. अशा शहरात मोहल्लानिहाय संघ नोंदवले, की नियमावलीत ‘धर्म’ हा शब्द न लिहिताही पंचरंगी पुन्हा जन्म घेते. जर्सीवर वॉर्डाचे नाव असते. प्रेक्षक मात्र दुसरेच नाव वाचतात.

१४/
म्हणून सद्भावना सामना भरवणाऱ्यांना तीन गोष्टी विचारा. संघ मोहल्ल्याचा, की शाळा-महाविद्यालयाचा, बाजार समितीचा, दवाखान्याचा, चिठ्ठ्या टाकून केलेला? क्लबचे सभासदत्व परक्या वस्तीतल्या पोराला खरोखर मिळते का, की फक्त घटनेत लिहिले आहे? आणि सरावाचे मैदान असे आहे का, जिथे दोन्हीकडची पोरे सायंकाळी सात वाजता निर्धास्त पोहोचू शकतील?

१५/
‘खेळाने दंगल थांबते का?’ असा उपहास होईल. नाही थांबत. पंचरंगी बंद झाली म्हणून फाळणी टळली नाही. पण दंगलीच्या रात्री अनोळखी चेहरा आणि आपल्या संघाचा गोलरक्षक यांत फरक करणारी नजर एका दिवसाच्या सामन्याने येत नाही. ती वर्षभराच्या एकत्र सरावाने येते. ज्यांना ती नजर घडवायची नाही, त्यांनी सामना भरवावा, छायाचित्र काढावे आणि घरी जावे. ज्यांना घडवायची आहे, त्यांनी आधी संघाची यादी बदलावी.