मंदीतील मोबाइल जाहिरात : मागणी कोणाची, कर्ज कोणाचे?

मंदी आली की व्यापारी सर्वप्रथम जाहिरातीच्या खर्चाला कात्री लावतो, असे वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या वर्गांत आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. कामगार कमी करावेत तर तंटा उभा राहतो, कच्चा माल कमी करावा तर उत्पादन थांबते; जाहिरात मात्र एका रात्रीत बंद करता येते आणि कोणी तक्रार करीत नाही. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि रस्त्यावरील फलक यांच्यापुरता हा नियम बव्हंशी खरा आहे. परंतु हातातील मोबाइलवर येणारी जाहिरात या नियमाला जुमानत नाही. गेल्या दोन दशकांत देशाच्या अर्थव्यवस्थेला तीन वेळा मोठा धक्का बसला आणि तिन्ही वेळा या जाहिरातीचा पसारा वाढला. ही वाढ कोणाच्या बळावर झाली आणि तिचे मोल कोणी मोजले, हा प्रश्न सोलापूरसारख्या हातावर पोट असलेल्यांच्या जिल्ह्याने तरी विचारलाच पाहिजे.

तीन धक्के, एकच दिशा

पहिला धक्का २००८ चा. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी कोसळली आणि जगभर पतपुरवठा आटला. नऊ टक्क्यांच्या आसपास असलेला आपल्या अर्थव्यवस्थेचा वाढीचा वेग त्या वेळच्या आकडेवारीनुसार २००८-०९ मध्ये ६.७ टक्क्यांवर आला. त्याच वर्षभरात देशातील मोबाइलधारकांची संख्या मात्र सुमारे २६ कोटींवरून ३९ कोटींवर गेली आणि मार्च २०१० मध्ये ती ५८ कोटींच्या पुढे पोचली. २००९ ची आयपीएल स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाली. त्या काळात व्होडाफोनच्या ‘झूझू’ नावाच्या पांढऱ्या बाहुल्यांनी घराघरांत प्रवेश मिळविला. या बाहुल्या दूरध्वनी विकीत नव्हत्या. गाण्याची धून, क्रिकेटचा धावफलक, राशिभविष्य अशा किरकोळ सेवांची त्या जाहिरात करीत होत्या. जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदावर दर आकारावयास आरंभ केला आणि दरांचे युद्ध पेटले. संभाषणातून मिळणारे उत्पन्न घटू लागताच कंपन्यांना अशा किरकोळ सेवांच्या विक्रीची निकड अधिकच भासू लागली. न मागितलेल्या सेवेपोटी शिल्लक रकमेतून पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, ग्राहकाची दोनदा संमती घेतल्याखेरीज अशी सेवा सुरू करू नये, असा दंडक दूरसंचार नियामक प्राधिकरणास २०१३ मध्ये घालावा लागला.

दुसरा धक्का २०१६ चा. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. यंत्रमाग आणि विडी या सोलापूरच्या दोन्ही धंद्यांत मजुरी रोखीने देण्याची रीत असल्यामुळे चलनटंचाईचा फटका येथे किती बसला, हे वाचकांस सांगावयास नको. दुसऱ्याच दिवशी पेटीएम कंपनीने वृत्तपत्रांत पंतप्रधानांच्या छायाचित्रासह पानभर अभिनंदन छापले. दोन महिने आधी, ५ सप्टेंबरला, जिओची सेवा सुरू झाली होती आणि ती मार्च २०१७ च्या अखेरपर्यंत ग्राहकांना मोफत मिळाली. एका जीबीला दोनशे रुपयांहून अधिक पडणारे इंटरनेट पुढे दहा-बारा रुपयांवर उतरले. म्हणजे ज्या हिवाळ्यात हातातील रोकड गेली, त्याच हिवाळ्यात हाती चित्रपट आला, आणि चित्रपटामागोमाग जाहिरात आली.

तिसरा धक्का २०२० चा. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षाच्या तुलनेत जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. महाराष्ट्र शासनाने एप्रिलमध्ये घरोघरी वृत्तपत्रे टाकण्यावरही निर्बंध घातले होते. नेमक्या याच तिमाहीतील फेसबुकचा ताळेबंद उद्बोधक आहे. जगभर दाखविल्या गेलेल्या त्याच्या जाहिरातींची संख्या एका वर्षात ४० टक्क्यांनी वाढली, एका जाहिरातीमागे मिळणारी सरासरी किंमत २१ टक्क्यांनी घटली आणि तरीही कंपनीचे उत्पन्न ११ टक्क्यांनी वाढले. मंदीतील मोबाइल जाहिरातीचे सारे अर्थशास्त्र या तीन आकड्यांत आहे.

लिलावातील माल

या जाहिरातीची जागा ठरीव दराने विकली जात नाही. तिचा क्षणोक्षणी लिलाव होतो. सुस्थितीत बड्या कंपन्या चढ्या बोली बोलतात. मंदीत त्या मागे सरतात, भाव उतरतो आणि एरवी ज्यांना ही जागा परवडत नसे असे जाहिरातदार पुढे येतात. त्यांत एखादा प्रामाणिक लहान दुकानदार असतो, तसेच झटपट कर्जाचे, जुगाराचे आणि घरबसल्या कमाईचे आमिष दाखविणारेही असतात. शिवाय जाहिरात किती जणांनी पाहिली आणि किती जणांनी त्यावर बोट टेकविले, याचा हिशेब येथे तत्काळ मिळतो. पैसा दुर्मिळ झालेला असताना असा हिशेब देणाऱ्या माध्यमाकडे जाहिरातदाराने वळावे, यात नवल नाही.

मालाच्या दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. येथे विकला जाणारा माल म्हणजे माणसाचे लक्ष. माहितीची विपुलता झाली की लक्ष देण्याच्या शक्तीचे दारिद्र्य येते, हा विचार अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडला होता. परंतु मंदीत एक निराळीच गोष्ट घडते. माग बंद पडलेल्या कामगाराजवळ पैसा नसतो, पण रिकामा वेळ मुबलक असतो. त्या वेळेला कारखान्यात किंमत नाही. जाहिरातीच्या बाजारात मात्र आहे. बेकारीने ज्याची मजुरी हिरावली, त्याचाच रिकामा दिवस दुसऱ्या कोणाच्या उत्पन्नाचे साधन होतो.

सोलापुरात जाहिरात नवी नाही. रंगविलेल्या भिंती, चित्रपटगृहातील काचपट्ट्या, गड्ड्याच्या यात्रेतील ध्वनिक्षेपक हे सारे आपण पाहिले आहे. पण भिंतीवरील जाहिरात सर्वांना सारखी दिसे आणि तिच्यात खोटे असेल तर चारचौघांत त्याची चर्चा होई. मोबाइलवरील जाहिरात प्रत्येकाला वेगळी दिसते. ती माणसाची गरज हेरून, एकांतात, त्याच्या अडचणीच्या घटकेस त्याच्यासमोर येते. शेजाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून शेजारी सावधही करू शकत नाही.

मागणी आणि क्रयशक्ती

या जाहिरातीच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद केला जातो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. मंदी म्हणजे मागणीचा अभाव. केन्स यांची शिकवण अशी की मागणी वाढल्याखेरीज मंदी हटत नाही. जाहिरात मागणी वाढविते. सबब मंदीत जाहिरात वाढणे इष्टच होय. शिवाय चादर वा टॉवेल विणणाऱ्या लहान कारखानदाराला, शिवणकाम करणाऱ्या एखाद्या भगिनीला, मध्यस्थाविना दूरचे गिऱ्हाईक मिळू लागले, हाही लाभ खराच आहे.

तथापि या युक्तिवादात एक गफलत आहे. केन्स यांना अभिप्रेत असलेली मागणी ही क्रयशक्तीचा आधार असलेली मागणी होय. जाहिरात इच्छा निर्माण करते, क्रयशक्ती नव्हे. उत्पादन स्वतःच गरजा निर्माण करते आणि मग त्या भागविण्याचे श्रेय घेते, असे गॅलब्रेथ यांनी १९५८ मध्ये ‘द अॅफ्लुअन्ट सोसायटी’ या ग्रंथात दाखविले. परंतु ते सुखवस्तू अमेरिकेविषयी बोलत होते. जेथे हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि पान-तंबाखू न मिळाल्यास तो दिवस कोरडा जातो, तेथे जागविलेली इच्छा आणि हातातील मजुरी यांमध्ये पडणारी दरी केवळ कर्जानेच भरून निघू शकते. म्हणूनच वस्तूच्या जाहिरातीपाठोपाठ कर्जाची जाहिरात येते, आणि बहुधा त्याच पडद्यावर येते.

या कर्जाचे स्वरूप रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात उघड केले. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतीय ग्राहकांना कर्ज देऊ करणारी सुमारे ११०० अॅप उपलब्ध होती आणि त्यांपैकी ६०० बेकायदा होती. धनकोचे नाव नाही, व्याजाचा खरा दर नाही. परतफेडीस विलंब झाला की मोबाइलमधील साऱ्या परिचितांना दूरध्वनी, बदनामीकारक छायाचित्रे, धमक्या. टाळेबंदीनंतरच्या काळात या छळापायी देशात अनेकांनी जीव गमावला. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने आपल्या भांडारातून अडीच हजारांहून अधिक कर्ज-अॅप काढून टाकली, असे केंद्र शासनाने संसदेत सांगितले. ती काढून टाकली हे बरे झाले. पण ती आत कशी आली आणि त्यांच्या जाहिरातींचे पैसे कोणी घेतले, हा प्रश्न उरतोच.

कुंभारीचे उदाहरण

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागणारे कुंभारी हे गाव या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे. येथे महिला विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर ही वसाहत आखली गेली आणि त्यांपैकी पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी लोकार्पित झाली. विडी वळणाऱ्या, माग चालविणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, फेरी करणाऱ्या माणसांनी संघटनेच्या बळावर स्वतःच्या मालकीचे छप्पर मिळविले, ही देशात अपूर्व अशी घटना आहे.

परंतु घर मिळाले की घराच्या गरजा वाढतात. पंखा, पलंग, मुलांचे शिक्षण, शहरापर्यंतचा रोजचा प्रवास, यांसाठी पैसा लागतो. जेथे एकाच ठिकाणी हजारो कुटुंबे सारख्याच उत्पन्नाची आणि सारख्याच अडचणींची आहेत, तेथे स्थळ आणि गरज हेरणाऱ्या जाहिरातदाराला याहून सोयीचे क्षेत्र कोणते? या कुटुंबांत घरी तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा मराठी बोलली जाते. जाहिरातीतले आमिष त्यांच्या भाषेत येते. अटींचा मजकूर मात्र बहुधा इंग्रजीत असतो. संघटनेने मिळविलेले घर अशा कर्जापायी गमावण्याची वेळ कोणावर येऊ नये, ही जबाबदारी केवळ त्या कुटुंबांवर टाकता येणार नाही.

१८७९ चा कायदा

हे संकट या जिल्ह्याला अपरिचित नाही. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपताच तो कोसळला आणि दख्खनचा शेतकरी सावकाराच्या पाशात सापडला. १८७५ च्या दंग्यांत जमावाने सर्वप्रथम कर्जरोखे मागून घेऊन जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये आलेला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याचे तत्त्व विलक्षण होते. ऋणकोने कागदावर अंगठा उठविला एवढ्याने न्यायालयाने समाधान मानू नये; मूळ व्यवहार काय होता, किती रक्कम हाती पडली, व्याज वाजवी आहे काय, हे आरंभापासून तपासावे. वाचता न येणाऱ्या कागदावरील अंगठा म्हणजे संमती नव्हे, हे त्या परकीय सरकारनेही मान्य केले होते. आज अंगठा शाईऐवजी काचेवर टेकविला जातो, एवढाच फरक आहे.

आजही कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ पासून लागू आहे आणि गावच्या सावकाराला परवाना घ्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाविषयी निर्देश काढले : रक्कम थेट ऋणकोच्या खात्यात जमा व्हावी, वार्षिक दर आरंभीच सांगावा, मोबाइलमधील परिचितांच्या यादीस हात लावू नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२२ पासून आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. परंतु या साऱ्यांचा रोख मुख्यतः जाहिरातदारावर किंवा धनकोवर आहे. जाहिरात दाखवून पैसे मिळविणारा मंच बहुधा बाजूलाच राहतो. उलट, परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरात उत्पन्नावर २०१६ पासून असलेला सहा टक्के समानीकरण आकार १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. चाटी गल्लीतील दुकानदाराचा जाहिरातीचा रुपया पूर्वी गावातल्या रंगाऱ्याकडे, छापखान्याकडे जाई. तो आता सातासमुद्रापार जातो आणि जाताना हा आकारही मागे ठेवीत नाही.

उपाय कोणते?

मोबाइलवरील जाहिरात बंद करा, अशी मागणी करणे व्यर्थ आणि अन्याय्यही ठरेल. पण चार गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. एक, कर्जाच्या प्रत्येक जाहिरातीत धनकोचे नाव आणि वार्षिक व्याजदर हे आमिषाइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि आमिषाच्याच भाषेत असावेत. दोन, बेकायदा धनकोची जाहिरात दाखविणाऱ्या मंचालाही दंडास पात्र धरावे. लिलावात बोली स्वीकारण्यापूर्वी बोली बोलणारा कोण, हे पाहणे त्यास अशक्य नाही. तीन, कर्ज देणाऱ्या अधिकृत अॅपची यादी रिझर्व्ह बँकेने २०२५ पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. ती ग्रामपंचायत, रेशन दुकान आणि विडी कारखान्याच्या शाखेत मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दूत लावावी. चार, सहकारी पतसंस्थांनी आणि बँकांनी दोन-पाच हजारांचे लहान कर्ज दोन दिवसांत देण्याची सोय करावी. गरजवंताला कायदेशीर दार बंद आढळले, तर तो दुसऱ्या दाराने जाणारच.

यात शिक्षकांचा आणि कारकून वर्गाचा वाटा लहान नाही. सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांची उदाहरणे आपण शाळेत सोडवून घेतो. त्याच तासाला एखाद्या कर्जाच्या जाहिरातीचा वार्षिक दर मुलांकडून काढून घेता येईल. सात दिवसांसाठी तीन हजार रुपयांचे कर्ज मंजूर होते, ‘प्रक्रिया शुल्क’ वजा होऊन हाती अठराशे पडतात आणि परतफेड तीन हजारांची करावी लागते, असे उदाहरण फळ्यावर मांडावे. आठवड्याला अठराशे रुपयांवर बाराशे, म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक आणि वर्षाला सरळ हिशेबाने तीन हजार चारशे टक्क्यांच्या पुढे, हे मुलांनी स्वतः काढले की तो आकडा ती घरी सांगतील. कार्यालयात काम करणाऱ्यांनी आपल्या वस्तीतील माणसाला १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर तक्रार नोंदविण्यास हातभार लावला, तरी पुष्कळ काम होईल.

मंदी येते आणि ओसरते. तिच्या काळात केलेले कर्ज मात्र ती ओसरल्यावरही मागे राहते. जाहिरातीच्या धंद्याची वाढ मोजताना हे कर्जही हिशेबात धरले पाहिजे. मंदीतही भरभराटणाऱ्या या धंद्याचे कौतुक करण्यापूर्वी, कुंभारीतील विडी वळणाऱ्या बाईला आपण कोणाकडून, किती दराने आणि कोणत्या अटीवर पैसा घेत आहोत हे तिच्या भाषेत कळते काय, याचे उत्तर शासनाने आणि मंचचालकांनी दिले पाहिजे.