आयरिशांची ओढ आणि अधिकार

आयर्लंडचा इतिहास जितका त्या बेटावर घडला तितकाच तो बेटाबाहेर घडला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १८४१ च्या शिरगणतीत या बेटाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथीच्या रोगांनी मेली. त्याहून अधिक माणसांनी अमेरिकेचा, इंग्लंडचा व कॅनडाचा रस्ता धरला. दुष्काळ सरला तरी हा रस्ता बंद झाला नाही. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही, १९५० ते १९६० या दशकात, सुमारे चार लाख माणसे देश सोडून गेली. १९८० नंतरच्या बेकारीत आणि २००८ च्या आर्थिक कोसळणीनंतर हाच प्रवाह पुन्हा वाहू लागला. आज प्रजासत्ताक व उत्तर आयर्लंड यांची मिळून लोकसंख्या ७० लाखांच्या आसपास आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी या बेटाला आपली जुनी संख्या गाठता आलेली नाही.

अशा देशाची माणसे परदेशी गेल्यावर कशाकशासाठी झुरतात, हा प्रश्न वरवर पाहता हळवा व घरगुती वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. माणसाला कशाची उणीव भासते यावरून त्याच्यापाशी काय होते हे कळते, आणि त्याच्या देशाने त्याला काय नाकारले हेही कळते.

प्रथम जिभेची गोष्ट. सिडनीत, बोस्टनमध्ये किंवा टोरांटोत राहणाऱ्या आयरिश माणसाला विचारले, तर तो चहाचे नाव आधी घेईल. त्यानंतर पिवळेधमक लोणी, सोड्याचा पाव, डुकराच्या मांसाचे काप आणि डब्लिनच्या टेटो कंपनीने १९५४ पासून विकावयास आणलेल्या, चीज व कांद्याच्या चवीच्या बटाट्याच्या चकत्या. घरून येणाऱ्याच्या पेटीत या वस्तू असणार हे गृहीतच असते. आता यात गंमत अशी की, ज्या चहासाठी हा माणूस हळहळतो तो आयर्लंडमध्ये पिकत नाही. कॉर्क शहरातील नामांकित चहाची पाने केनियातून, रुआंडातून व आपल्या आसामातून तेथे जातात. ज्या बटाट्याने या देशाला पोसले आणि मारलेही, तो मुळात दक्षिण अमेरिकेतून आलेला. म्हणजे आपण ज्याला मातीची चव म्हणतो ती त्या मातीची असतेच असे नाही. चव असते ती सवयीची आणि माणसांची. घरात पाऊल टाकताच किटली चुलीवर चढते, पाहुणा दोनदा नको म्हणतो, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर घेतो. आग्रहाची रीत ज्यांना ठाऊक आहे त्या आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगावयास नको. परदेशी पहिल्याच नकाराला यजमान खरे मानतो आणि पाहुण्याला कोरड्या घशाने परतावे लागते! चहाची उणीव भासते ती अशा वेळी.

याहूनही खोल उणीव ओळखीची असते. आयरिश भाषेत अनोळखी मुलाला तू कोण असे न विचारता तू कुणाचा असे विचारण्याची रीत आहे. गाव कोणते, परगणा कोणता, मामाचे घर कोणते, हे पाच मिनिटांत उलगडते आणि दोन अनोळखी माणसांच्या मध्ये तिसरा एखादा ओळखीचा निघतो. लहान देशाचे हे सुख आहे. न्यूयॉर्कमध्ये माणसाला नाव, नोकरी व पगार असतो. पण तो कुणाचा हे विचारणारा कोणी नसतो. १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक खेळांच्या संघटनेच्या शाखा जगभर पसरल्या त्यामागे केवळ खेळाची आवड नाही. परक्या शहरात एखाद्या शाखेच्या मैदानावर गेले की निदान परगणा तरी विचारला जातो. १९४७ साली या संघटनेने फुटबॉलचा अखिल आयर्लंड अंतिम सामना थेट न्यूयॉर्कमध्ये खेळविला, तोही दुष्काळातील सर्वांत भीषण वर्षाला शंभर वर्षे होत असताना. तो सामना कॅव्हनने जिंकला. सामन्याचे धावते वर्णन अटलांटिकपलीकडून आले आणि घरी राहिलेल्यांनी ते रेडिओवर ऐकले. गेलेल्यांनी घराकडे कान लावावयाचे, हा नेहमीचा क्रम त्या एका दिवसापुरता उलटा झाला होता.

तथापि ही ओढ नेहमीच प्रामाणिक असते असे समजण्याचे कारण नाही. स्मरणात राहिलेले घर नेहमी उबदार असते; त्यातील कोंदटपणा स्मरणातून गळून जातो. जेम्स जॉइसने १९०४ मध्ये डब्लिन सोडले आणि १९१२ नंतर तो तेथे पुन्हा गेला नाही. पण ट्रिएस्ट, झुरिच व पॅरिस येथे बसून त्याने लिहिले ते डब्लिनबद्दलच. ‘युलिसिस’ पुरी करीत असताना एक्लिस स्ट्रीटवरील सात क्रमांकाच्या घराचे कठडे सामान्य माणसाला ओलांडून खाली उतरता येईल काय, असा प्रश्न त्याने पत्राने आपल्या मामीला विचारला होता. शहराची वीट न् वीट त्याला हवी होती, मात्र त्या शहरात राहावयास नको होते. आणि असे वाटणारा तो एकटाच नव्हता. लग्नाआधी दिवस गेले म्हणून कितीतरी मुलींना गुपचूप इंग्लंडची बोट धरावी लागली. समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होता. घटस्फोटावरील बंदी १९९५ च्या सार्वमताने, तीही निसटत्या बहुमताने, उठली. घरदार सोडणाऱ्यांत पोटासाठी गेलेले जसे होते तसे श्वास घेण्यासाठी गेलेलेही होते. त्यांना घराची आठवण येत नव्हती असे नव्हे, पण त्या घराने त्यांना ठेवून घेतले नव्हते हेही तितकेच खरे.

परंतु सर्वांत बोचणारी उणीव ही मृत्यूच्या वेळची आहे. आयर्लंडमध्ये माणूस गेला की दोन-तीन दिवसांत दफन होते. त्याआधी शव घरी किंवा जवळच्या शवगृहात ठेवतात आणि सारा गाव हात हातात घेऊन दोन शब्द बोलून जातो. कोण आले व कोण आले नाही, याची नोंद पुढे वर्षानुवर्षे राहते. स्थानिक रेडिओ आजही दिवसातून ठराविक वेळी निधनवार्ता वाचतात, आणि २००५ साली निव्वळ निधनवार्तांसाठी सुरू झालेले संकेतस्थळ परदेशस्थ आयरिश माणूस घरच्या वर्तमानपत्रासारखे पाहतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला निघालेल्या मुलाच्या आदल्या रात्री मयताच्या जागरणासारखे जागरण करीत. त्याला ‘अमेरिकन वेक’ असेच नाव होते, कारण तो मुलगा पुन्हा दिसणार नाही हे आईबापांना ठाऊक असे. आज चित्र फिरले आहे. आता दूर गेलेला मुलगा पडद्यावर गावच्या चर्चमधील प्रार्थना पाहतो आणि आईची शवपेटी बाहेर जाताना दुसऱ्या गोलार्धात एकटा उभा राहतो. अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या आयरिशांची स्थिती तर याहून कठीण आहे. आईच्या दफनाला गेले तर परत येता येत नाही, आणि परत न यावे तर तेथे वाढलेल्या मुलांचे काय, हा पेच त्यांच्यापुढे दशकानुदशके उभा आहे.

या साऱ्या ओढीशी आयरिश राज्यसंस्था कशी वागली, हा आता पाहावयाचा प्रश्न आहे. मेरी रॉबिन्सन १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी आपल्या निवासस्थानाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत देश सोडून गेलेल्यांसाठी एक दिवा लावला. १९९५ च्या फेब्रुवारीत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे बोलताना त्यांनी जगभर पसरलेल्या सात कोटी आयरिश वंशजांचा उल्लेख केला. १९९८ च्या सार्वमताने घटनेचे दुसरे कलम बदलले, आणि परदेशी राहणाऱ्या आयरिश वंशाच्या लोकांशी असलेला विशेष स्नेहसंबंध राष्ट्र जपते, असे वाक्य त्यात आले. यापैकी काहीही खोटे नव्हते. त्यापूर्वीच्या अर्धशतकातील मौनाच्या तुलनेत हा मोठाच पालट होता.

पण दिव्याने दार उघडत नाही. २०१३ साली सरकारने ‘द गॅदरिंग’ नावाने जगभरच्या आयरिशांना घरी येण्याचे निमंत्रण दिले. ही योजना प्रामुख्याने पर्यटनाची होती. लोकांचे खिसे रिकामे करण्याचा हा खटाटोप आहे, अशा आशयाची टीका गेब्रिएल बर्न या प्रसिद्ध आयरिश नटाने केली तेव्हा गहजब झाला. परंतु तिचा प्रतिवाद करणे सोपे गेले नाही. कारण ज्यांना निमंत्रण होते त्यांना मत नव्हते. मुत्सद्दी, सैनिक आणि सेनेटच्या निवडणुकीत काही विद्यापीठांचे पदवीधर वगळले, तर परदेशस्थ आयरिश नागरिक देश सोडून दीड वर्ष उलटल्यावर मतदानाला मुकतो. २०१५ च्या मे महिन्यात विवाहविषयक सार्वमतासाठी आणि २०१८ च्या मे महिन्यात गर्भपातविषयक सार्वमतासाठी तरुण मुले-मुली विमानांनी व बोटींनी घरी आली, त्या दृश्याने साऱ्या देशाचे डोळे पाणावले. मात्र ज्यांची मुदत उलटून गेली होती त्यांना दुरूनच पाहत राहावे लागले. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तरी परदेशस्थांना मत द्यावे, अशी शिफारस २०१३ मध्येच घटनाविषयक परिषदेने केली होती. त्यासाठीचे विधेयक २०१९ मध्ये मांडले गेले, पण त्यावरचे सार्वमत पुढे ढकलले जात राहिले.

विरोधकांचा युक्तिवाद पोकळ नाही. जो कर भरत नाही आणि निर्णयाचे परिणाम भोगत नाही त्याने सरकार का निवडावे, असे ते विचारतात. शिवाय बाहेरच्यांची संख्या एवढी मोठी आहे की आतल्यांचे मत त्यात बुडून जाईल, ही भीतीही अनाठायी नाही. परंतु या दोन्ही शंकांना उत्तर आहे. राष्ट्राध्यक्षाचे पद कर बसवीत नाही. ते राष्ट्राचे प्रतीक आहे, आणि घटनेनेच राष्ट्राची व्याप्ती बेटाबाहेर मानली आहे. संसदेपुरते बोलावयाचे तर फ्रान्सने २०१२ पासून परदेशस्थ नागरिकांसाठी अकरा जागा वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यामुळे त्यांचा आवाज ऐकू येतो, पण तो इतरांचा आवाज दाबून टाकीत नाही. इच्छा असेल तर मार्ग आहे.

लहान गोष्टींतही हीच वृत्ती दिसते. पन्नास-साठच्या दशकांत इंग्लंडमध्ये जाऊन रस्ते खणलेले, बोगदे पाडलेले मजूर म्हातारपणी आयरिश नभोवाणीच्या दीर्घलहरींवर घरचे सामने व बातम्या ऐकत. ही सेवा बंद करण्याचा निर्णय २०१४ मध्ये त्यांच्याच आक्रोशामुळे लांबला. अखेर एप्रिल २०२३ मध्ये ती बंद झाली. आता सारे इंटरनेटवर मिळते, हे कारण तंत्रज्ञाच्या दृष्टीने बरोबर आहे. ऐंशी वर्षांच्या एकाकी माणसाच्या दृष्टीने ते तितकेसे बरोबर नाही. आणि आज जे तरुण ऑस्ट्रेलियाला जातात ते पुष्कळदा नोकरी नाही म्हणून नव्हे, तर घरभाडे परवडत नाही म्हणून जातात. परतणाऱ्यांपुढेही घराचा प्रश्न पहिला उभा राहतो. मोटारीच्या विम्यासारख्या बाबतीतही परदेशातील वर्षांचा अनुभव जमेस धरून घेण्यासाठी त्यांना झगडावे लागते. घराची आठवण काढणाऱ्याला घरच मिळू नये, याला विपर्यास याखेरीज दुसरा शब्द नाही.

या कथेशी आपलाही एक धागा जुळलेला आहे. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे पितृगृह मालवण तालुक्यातील वराड गावी. २०१९ च्या डिसेंबरात ते त्या गावी येऊनही गेले. ज्या कोकणाने मुंबईच्या मनीऑर्डरीवर दिवस काढले आणि चाकरमान्यांची गणपतीला वाट पाहिली, त्या कोकणातून गेलेल्या घराण्यातील माणूस स्थलांतरितांच्या त्या देशाचा प्रमुख होतो, यात एक औचित्य होते. परंतु त्याच आयर्लंडमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले आणि आपल्या वकिलातीला तेथील भारतीयांना सावधगिरीची सूचना द्यावी लागली. एका काळी ज्यांच्या आजोबांना लंडनमध्ये खोली भाड्याने मिळत नसे, त्यांच्या नातवंडांपैकी काहींनी दुसऱ्याच्या घरची ओढ ओळखू नये, ही खेदाची गोष्ट आहे. तथापि या हल्ल्यांचा निषेध करण्यास तेथील नेते व नागरिकही पुढे आले, हेही नमूद केले पाहिजे.

आणि आपणही फार फुशारून जाण्याचे कारण नाही. २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ भारतीय नागरिकांना मतदारयादीत नाव मिळाले, पण मत देण्यासाठी स्वतः येऊन रांगेत उभे राहावे लागते. त्यांच्या पैशाचे आपण कौतुक करतो, त्यांचे मेळावे भरवतो. त्यांच्या मताचा प्रश्न मात्र अर्ध्यावर सोडून देतो.

परदेशी गेलेला माणूस चहा, पाव आणि पाऊस यांच्या नावाने जे मागत असतो ते एवढेच की, आपल्याला अजूनही घरच्यांत मोजले जावे. चहा पेटीत घालून पाठविता येतो. मोजणे मात्र कायद्यानेच करावे लागते; आणि जो देश आपल्या गेलेल्या मुलांच्या आठवणींवर उत्सव साजरे करतो, त्याने निदान त्यांची गणती करण्याचे टाळू नये.