हातांच्या बुद्धीचा प्राध्यापक

के. जी. सुब्रमण्यन यांची जन्मशताब्दी 2024 मध्ये झाली. प्रदर्शने भरली, कौतुकाचे लेख आले, लिलावगृहांनी भाव चढवले. चित्रकार, भित्तिचित्रकार, मृत्तिकाशिल्पी, खेळणी घडवणारा, विणकामाचे आराखडे करणारा, काचेवर उलट्या बाजूने चित्रे काढणारा, मुलांसाठी लिहिणारा अशी त्यांच्या माध्यमांची यादी सर्वांनी दिली आणि तिलाच ‘अष्टपैलुत्व’ असे नाव दिले. हे नाव सोयीचे आहे. त्यामुळे इतक्या माध्यमांत काम करण्यामागे श्रमाविषयीची एक निश्चित भूमिका होती, हे बोलावे लागत नाही. समाजवादी चळवळीला आस्था वाटावी ती या भूमिकेविषयी.

सुब्रमण्यन यांचा जन्म 1924 चा, उत्तर केरळातील कूथुपरंबचा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. 1942 च्या आंदोलनात तुरुंगात गेले आणि परिणामी सरकारी महाविद्यालयांची दारे त्यांना बंद झाली. 1944 मध्ये ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. इंग्रज सरकारने एक अर्थशास्त्रज्ञ घालवला आणि देशाला एक कलावंत मिळाला, असे गमतीने म्हणता येईल. परंतु अर्थशास्त्राने त्यांची पाठ पुढेही सोडली नाही, हेच अधिक खरे.

शांतिनिकेतनात नंदलाल बोस, विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज हे त्यांचे गुरू. विनोदबिहारींनी 1946-47 मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे जीवन रंगवले, तेव्हा हाताखाली राबणाऱ्या विद्यार्थ्यांत सुब्रमण्यन होते. विणकर कबीर, चर्मकार रैदास अशा संतांचे हे चित्र. गोरा कुंभार आणि सावता माळी यांच्या मुलखातील वाचकाला या निवडीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

1951 मध्ये ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापक झाले. ललितकला विद्याशाखा त्या वेळी जेमतेम वर्षभराची होती. चित्रकला विभागाची धुरा नारायण श्रीधर बेंद्रे वाहत होते. तथापि बडोद्याला या विषयाची परंपरा होती. सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेल्या कलाभवनात रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम आणि चित्रकला एका छपराखाली शिकवली जात असे. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. इंग्रजी राजवटीने कलाशाळांत ‘ललित’ आणि ‘उपयुक्त’ अशी जी प्रतवारी रुजवली होती, ती मोडण्यास बडोद्याची भूमी अनुकूल होती.

1959 ते 1961 या काळात सुब्रमण्यन मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळाचे आराखडा विभागाचे उपसंचालक होते. मंडळाच्या विणकर सेवा केंद्रांत त्या सुमारास अनेक चित्रकार नोकरीस लागले. आपले प्रभाकर बरवे त्यांपैकीच. चित्रकारांनी पोटासाठी केलेली चाकरी म्हणून या प्रकरणाची बोळवण करणे अन्यायाचे होईल. माग, धागा आणि विणकराची बोटे यांच्या मर्यादेतूनच आकृती जन्मते, हा धडा सुब्रमण्यन तेथून घेऊन परतले आणि त्यांनी तो वर्गात आणला. साठीच्या दशकात विद्याशाखेच्या मेळ्यांत अध्यापक आणि विद्यार्थी स्वतः केलेली खेळणी सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीत विकू लागले. लाकूड, मणी आणि चामडे यांतून सुब्रमण्यन यांनी केलेली खेळणी याच काळातली. विद्यापीठाच्या प्राध्यापकाने बाहुली करून विकावी, यात आपल्या विद्वानांना आजही कमीपणा वाटेल. त्यांच्या हाताखाली भित्तिचित्रण शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी पुढे तागाच्या दोराला गाठी मारून भव्य शिल्पे उभी केली, ती या शिक्षणाचीच परिणती.

राजकारणाविषयी ते मोठ्याने बोलत नसत, पण गप्पही नव्हते. 1971 च्या बांगलादेश युद्धानंतर त्यांनी भाजक्या मातीच्या फरशांवर पदके मिरवणारे सेनापती आणि तुटलेली शरीरे उमटवली. आणीबाणीवर त्यांनी ‘द टेल ऑफ द टॉकिंग फेस’ ही उपरोधकथा रचली, तीही मुलांच्या चित्रपुस्तकाच्या वेषात. त्या काळात ज्यांनी तुरुंग आणि छापखान्यांना लागलेली टाळी पाहिली, त्यांना हा वेष का घ्यावा लागतो हे ठाऊक आहे.

या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. आराखडा सुधारल्याने विणकराची मजुरी वाढत नाही. सुताचा भाव, सावकाराचे कर्ज आणि यंत्रमागाची स्पर्धा ही दुखणी चित्रकाराच्या आवाक्याबाहेरची आहेत. 2019-20 च्या हातमाग गणनेत सुमारे 35 लाख विणकर व पूरक कामगार नोंदले गेले, आणि त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होते. सुब्रमण्यन यांना 2012 मध्ये पद्मविभूषण देणाऱ्या शासनसंस्थेने 2020 मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ विसर्जित केले. ते मंडळ निस्तेज झाले होते हे मान्य. पण विणकराला आपले म्हणणे दिल्लीत मांडण्याची जी अल्पशी जागा होती, तिच्या बदल्यात त्याला काय दिले, याचे उत्तर मिळालेले नाही. हा प्रश्न सोलापूरच्या, येवल्याच्या आणि नागपूरच्या कार्यकर्त्यांनी धसास लावावयाचा आहे.

विद्यापीठाचीही तीच कथा. 1968 ते 1974 या काळात सुब्रमण्यन ज्या विद्याशाखेचे अधिष्ठाता होते, तेथे मे 2007 मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या चित्रांवरून बाहेरच्या मंडळींनी धुडगूस घातला. अटक झाली ती विद्यार्थ्याला. आणि त्याची बाजू घेणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्याला विद्यापीठाने निलंबित केले. सुब्रमण्यन यांच्यासारखा शिक्षक घडतो तो सुरक्षित नोकरी, सार्वजनिक पैसा आणि चुकण्याची मुभा यांच्या आश्रयाने. तासिका तत्त्वावर नेमलेला आजचा अध्यापक या तिन्हींना पारखा आहे.

1980 मध्ये ते शांतिनिकेतनला परतले, 2004 मध्ये पुन्हा बडोद्यास आले आणि 29 जून 2016 रोजी तेथेच निवर्तले. कलाभवनाच्या एका इमारतीच्या बाह्य भिंती त्यांनी 1990 च्या सुमारास केवळ काळ्या-पांढऱ्या रंगात चितारल्या होत्या. ऊन-पावसाने ते काम विटले, तेव्हा 2009 मध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी, परांचीवर चढून त्यांनी त्या भिंती पुन्हा रंगवल्या. ते चित्र कोणत्याही लिलावात येणार नाही. रस्त्याने जाणारा कोणीही ते फुकट पाहू शकतो.